तिघांचा रॉक बँड: मोकळी जागा राखून कव्हर कशी वाजवायची

पाचजणांच्या बँडमध्ये एखादा दोन बार (तालाची दोन आवर्तनं) गप्प बसला तर श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही. तिघांत गिटारवाला खाली पडलेलं पिक उचलायला वाकला तरी गाण्याला भगदाड पडतं. या भीतीपोटी नवी त्रिकुटं हमखास एकच चूक करतात: तिघंही सतत, भरगच्च आणि मोठ्यानं वाजवत राहतात. परिणाम उलटा होतो. सगळंच भरलेलं असलं की कशालाच उठाव येत नाही. तिघांच्या बँडची खरी मिळकत म्हणजे मोकळी जागा. ती कुठे ठेवायची आणि कुठे भरायची हे ठरवणं एवढंच काम आहे, पण ते गाण्यागणिक, विशेषतः कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं वाजवताना, नव्यानं करावं लागतं.

तिघं निवडताना

गिटार, बेस, ड्रम्स ही नेहमीची मांडणी. १९६६ मध्ये लंडनमध्ये काही महिन्यांच्या अंतरानं क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरियन्स हे दोन बँड उभे राहिले आणि या मांडणीचा साचा पक्का झाला. क्रीममधले जॅक ब्रूस (बेस) आणि जिंजर बेकर (ड्रम्स) दोघंही जॅझमधून आलेले. गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनच्या मागे साथ धरण्यापेक्षा ते त्याच्याशी वाजवून भांडत. एक्स्पीरियन्सचा नोएल रेडिंग तर मूळचा गिटारवाला. गिटारच्या ऑडिशनला आला आणि हातात बेस मिळाला. पुढे मोटरहेड या बँडच्या लेमीचंही तसंच: आधी गिटार, मग बेस, आणि बेसवरही सरळ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवायचे.

यातून घ्यायचं ते इतकंच, की त्रिकुटातला बेसवाला अर्धा गिटारवाला असावा लागतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ड्रम्स आणि गिटार बंद ठेवा, फक्त बेस आणि गायकाचा आवाज यांवर एक कडवं ऐका. गाणं ओळखू आलं पाहिजे आणि कॉर्ड कुठे बदलली तेही कळलं पाहिजे. नुसते मूळ स्वर बडवणारा बेसवाला मोठ्या बँडमध्ये उत्तम चालतो. इथे तो कमी पडेल.

ड्रमरमध्ये वेगापेक्षा आवाजाच्या पायऱ्या बघा. हळू वाजवतानाही लय जड ठेवता येते का? झांजांवर हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी जोडी) पूर्ण बंद, अर्धी उघडी, राइड, क्रॅश अशा चार पातळ्या त्याला स्पष्ट वेगळ्या वाजवता आल्या, तर तुमच्याकडे न आलेल्या कीबोर्डवाल्याचं निम्मं काम तिथेच झालं.

गाणारा वेगळा असेल तर डोकी चार होतात, पण वाद्यं तीनच राहतात. द हू आणि लेड झेपलिन हे त्याच घरातले. वाद्यांबाबत पुढचं सगळं त्यांनाही लागू पडतं. तिघांतच गाणारा असेल तर दुसऱ्या एकाला तरी सुरात साथ करता यायला हवी. दुसरा आवाज हे सगळ्यात स्वस्त चौथं वाद्य आहे, आणि ते गाडीत जागाही अडवत नाही.

निर्णयांबद्दल एक सूचना. तिघांत मतदान केलं की दोन विरुद्ध एक होतं, आणि थोड्या दिवसांत तो ‘एक’ नेहमी तोच माणूस असतो. गाणी निवडताना प्रत्येकाला नकाराधिकार द्या. ज्याला एखादं गाणं अजिबात नको, ते यादीत नाही. कटकट वाटते, पण न आवडणारं गाणं वाजवणारा तिसरा माणूस श्रोत्यांना लांबूनही दिसतो. झीझी टॉपमध्ये १९७० पासून २०२१ पर्यंत तेच तिघं टिकून होते. इतका काळ एकत्र काढायचा तर कोणालाही सतत हरवून चालत नाही.

आवाजाची वाटणी

बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला, गिटारची ८२ हर्ट्झला. दुसरा गिटारवाला किंवा कीबोर्ड असतो तेव्हा साउंड करणारा माणूस गिटारचा खालचा भाग कापून टाकतो, म्हणजे गर्दी होत नाही. त्रिकुटात २०० ते ५०० हर्ट्झचा पट्टा रिकामा पडतो आणि ‘आवाज पातळ येतोय’ ही तक्रार बहुधा तिथलीच असते. म्हणून:

गिटारच्या अँपवर मिड्स (आवाजाचा मधला पट्टा) कापू नका. घरी एकट्यानं वाजवताना मिड्स खाली आणि बास-ट्रेबल वर असा आवाज भारदस्त वाटतो. ड्रम्स सुरू झाले की खालचा भाग बेस आणि किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) खातात, वरचा झांजा खातात, आणि गिटार गायब होते. मिड्स मध्यावर किंवा त्याच्या थोडं वर ठेवून सुरुवात करा.

गेन (आवाज फाटवणारी अँपची खुंटी) घरापेक्षा कमी ठेवा. रेकॉर्डवर जी भिंतीसारखी गिटार ऐकू येते ती बहुतेकदा दोन-तीन वेळा वाजवून एकावर एक रचलेली असते. तो परिणाम एका गिटारवर गेन वाढवून येत नाही. जास्त गेन म्हणजे जास्त कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक दबतो. पिकचा घाव बोथट होतो, कॉर्डमधले स्वर एकमेकांत चिकटतात. गेन एक-तृतीयांश उतरवा आणि व्हॉल्यूम तेवढा चढवा. आवाज मोठा वाटेल.

बेसला थोडं ओव्हरड्राइव्ह (हलकं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं) हवंच, पण सरळ पेडल दाबलं की खालचा भाग गळून पडतो. डिस्टॉर्शनमध्ये लाटेचं टोक कापलं जातं, वरचे हार्मोनिक्स वाढतात आणि त्यांच्या तुलनेत मूळ स्वर बारीक होतो. उपाय म्हणजे सिग्नल दोन वाटांनी न्यायचा: एक स्वच्छ, ज्यात साधारण २०० हर्ट्झच्या खालचा भाग पूर्ण राहतो, दुसरी डिस्टॉर्शनची, जिचा २०० ते २५० हर्ट्झच्या खालचा भाग कापलेला. ‘ब्लेंड’ची खुंटी असलेलं पेडल घेतलं तर हे एकाच डब्यात होतं. दोन वेगवेगळे अँप वापरत असाल तर एक सापळा आहे. दोन्हींची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) एकमेकांच्या उलट असली की दोन्ही चालू केल्यावर बास वाढण्याऐवजी नाहीसा होतो. एका बाजूची पोलॅरिटी उलटून पाहा. ज्या स्थितीत छातीत धक्का जाणवतो ती बरोबर.

गिटारला नेहमीच्या ट्यूनिंगला .०१०–.०४६ इंच जाडीच्या तारांचा सेट पुरतो. अर्धा सूर उतरवलात तर .०११ चा घ्या, नाहीतर जाडी तार जोरात वाजवताना घावाच्या क्षणी सूर वर उडतो आणि एकटीच गिटार असल्यानं ते झाकायला कोणी नसतं. बेसला .०४५–.१०५.

कव्हर बेतणं

कव्हर वाजवणारी त्रिकुटं इथेच घसरतात. मूळ रेकॉर्डची नक्कल तिघांनी करायला घेतली की श्रोत्याला जे नाही तेच ऐकू येतं: इथे ऑर्गन होता, इथे दुसरी गिटार होती. गाणं तिघांच्या मापानं बेतलं की ती तुलनाच सुटते.

‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’चं उदाहरण या कामासाठी फार उपयोगी आहे. बॉब डिलनची मूळ आवृत्ती १९६७ ची, अकूस्टिक गिटार, हार्मोनिका, बेस आणि ड्रम्स. म्हणजे वाजवणारे तिघंच. हेंड्रिक्सनं १९६८ मध्ये ते स्टुडिओत अनेक गिटार एकावर एक रचून केलं आणि तेच पुन्हा स्टेजवर तिघांनी वाजवलं. स्टेजवर रचलेल्या गिटार कुठून आणणार? ते थर सोडून दिले, तरी गाणं उभं राहतं, कारण तीन कॉर्डचं चक्र आणि आवाज–गिटारची सवाल-जवाबाची मांडणी शाबूत आहे. क्रीमनं रॉबर्ट जॉन्सनचं १९३६ मधलं एका माणसाचं, एका अकूस्टिक गिटारवरचं गाणं घेतलं आणि त्यातला एक छोटा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) बेस-गिटारला एकसाथ देऊन त्याचा रॉक केला. दोन्हीकडे रस्ता सारखाच: कणा ओळखायचा, बाकीचं सोडायचं.

हा कणा काढण्याची पद्धत अशी.

गाणं हेडफोनवर ऐका आणि कागदावर भाग मांडा: सुरुवात, कडवं, ध्रुवपद, पूल (दोन भाग जोडणारा वेगळा तुकडा), सोलो, शेवट, प्रत्येकाचे बार मोजून. मग प्रत्येक भागासमोर ऐकू येणारं प्रत्येक वाद्य लिहा. साधारण रॉक गाण्यात सहा ते नऊ ओळी होतात. आता प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: हे काढलं तर माणूस गाणं गुणगुणताना अडेल का? अडेल ती ओळ हुक. तिला वाली हवा. बाकीच्या दोन प्रकारच्या असतात: कॉर्ड सांगणाऱ्या, आणि नुसती हवा भरणाऱ्या. कॉर्ड सांगणारी एकच ठेवा. हवा भरणाऱ्या सगळ्या काढा. लांब ताणलेले स्ट्रिंग्ज, मागचा पॅड, टँबोरिन, यांचा शोक करू नका.

हुक शक्यतो गिटारला. पण गिटारवाला गात असेल आणि हुक गाण्याच्या ओळींवर येत असेल, तर तो बेसला द्या, एक सप्तक वर, आणि किकला मूळ स्वराचा भार उचलू द्या. सहज जमतं, फक्त त्या चार बारांत ड्रमरनं किकसोबत फ्लोअर टॉमही वापरावा, म्हणजे तळ रिकामा वाटत नाही.

दोन गिटारच्या तिसऱ्या स्वरांतल्या जोडओळी हा नेहमीचा पेच. हातानं-गळ्यानं करायचे तीन पर्याय आहेत. एकाच गिटारवर दोन तारांत दोन्ही ओळी वाजवणं, वेग कमी असेल तर हा सर्वोत्तम. खालची ओळ बेसला, सातव्या फ्रेटच्या वर. किंवा फक्त वरची ओळ, आणि दुसरा आवाज गळ्यानं. हार्मोनायझर पेडल (दुसरा स्वर आपोआप जोडणारं) चौथा पर्याय; त्यात गाण्याची स्केल बरोबर भरावी लागते, आणि गाणं मध्येच स्केल बदलत असेल तर नेमक्या त्या ठिकाणी फजिती होते.

पट्टी गायकाच्या गळ्यानं ठरते, पण गिटारवाल्यानं एक गोष्ट आधी तपासावी: मूळ रिफमध्ये मोकळ्या तारा आहेत का? ई किंवा ए पट्टीतला रिफ ई-फ्लॅट किंवा ए-फ्लॅटला सरकवला की मोकळ्या तारा जातात, आणि त्रिकुटात त्या मोकळ्या तारा म्हणजे दुसरी गिटारच असते. अशा वेळी बोटं न हलवता अख्खं वाद्य अर्धा सूर उतरवा. रश या त्रिकुटाचा गिटारवाला अ‍ॅलेक्स लाइफसन कॉर्डच्या आत वरच्या दोन तारा मोकळ्या घुमत ठेवतो. पोलीस या त्रिकुटाचा अँडी समर्स तिसरा स्वर टाळून नववा घालतो. दोघांच्याही कॉर्डमध्ये स्वर मोजकेच असतात आणि पसारा मोठा वाटतो. एका गिटारला हेच हवं. सहाही तारांची बार कॉर्ड सतत खरवडण्यापेक्षा तीन-चार तारांचे आकार शोधा.

रेकॉर्डवर जी गाणी हळूहळू विरत जातात त्यांना शेवटच नसतो, आणि हे बहुतेकांना पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आठवतं. शेवट लिहून काढा: कोण इशारा देणार, किती वेळा चक्र फिरणार, कोणत्या बीटवर थांबणार.

सोलो आला की

गिटार सोलोला गेली की कॉर्ड सांगणारं कोणीच उरत नाही. त्रिकुटाचा सगळ्यात उघडा क्षण तो हाच. चार जागी काम करावं लागतं.

बेसनं वर जायचं, पण कसं ते महत्त्वाचं. खालच्या ई तारेवर मूळ स्वर आणि पाचवा असे दोन एकत्र धरले की चिखल होतो. एवढ्या खालचे दोन स्वर कानाला वेगळे ऐकूच येत नाहीत. त्याऐवजी मूळ स्वर खाली आणि तिसरा स्वर एका सप्तकावर घ्या. ए मेजरसाठी चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट, पहिल्या तारेवर सहावा. ए मायनरसाठी दोन्हीकडे पाचवा. मधल्या दोन तारा दाबून बंद. एवढ्या दोन स्वरांत मेजर की मायनर ते श्रोत्याला कळतं आणि गिटारवाला मोकळा होतो.

ड्रमरनं हाय-हॅट सोडून राइडवर यायचं, जड गाणं असेल तर क्रॅशच्या कडेवर. झांजांचा सततचा नाद गेलेल्या गिटारची जागा भरतो. कडव्यात हाय-हॅट घट्ट बंद ठेवली असेल तरच हा बदल जाणवतो, म्हणजे सोलोची तयारी दोन मिनिटं आधीपासून करावी लागते.

गिटारवाल्यानं एकेरी स्वरांची रांग कमी करून दोन तारांचे तुकडे, मोकळ्या तारेचा घुमारा आणि रिफचे छोटे उल्लेख मध्ये पेरायचे. डिले (प्रतिध्वनी) लावायचा तर गाण्याच्या लयीत: ६०,००० ला बीपीएमनं (मिनिटाला किती बीट) भागलं की एका बीटचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला ५००. पाऊण बीटचा डिले हवा तर ३७५. मिश्रण २०–२५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर मागचे स्वर पुढच्या कॉर्डवर आदळतात.

चौथी जागा व्हॉल्यूम. सोलोसाठी बूस्ट पेडल लावलं आणि आवाज वाढलाच नाही, ही तक्रार कायमची आहे. अँप आधीच डिस्टॉर्शनमध्ये असेल तर त्याच्या आधी लावलेला बूस्ट फक्त गेन वाढवतो. टोकं तर कापलेलीच आहेत. बूस्ट अँपच्या इफेक्ट लूपमध्ये (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची जागा) लावा. ४ ते ६ डेसिबल पुरे.

गाता गाता बेस

गिटार वाजवत गाणं सोपं, कारण हात साधारण बोलांच्या लयीत चालतो. बेसची ओळ आणि गाण्याची ओळ अनेकदा विरुद्ध जागी पडतात. एका दमात जमवायला जाऊ नका. आधी बेस इतका पक्का करा, की वाजवताना शेजारच्याशी गप्पा मारता येतील. मग मेट्रोनोम मूळ वेगाच्या ६० ते ७० टक्क्यांवर लावून बोल नुसते म्हणा, सूर न लावता. कागदावर बोलांखाली खुणा करा: कोणतं अक्षर बेसच्या स्वरासोबत पडतं, कोणतं दोन स्वरांच्या मध्ये. अडखळण्याची जागा बहुधा एकच अक्षर असते. फक्त तो एक बार २०–३० वेळा फिरवा. सूर लावायचा सगळ्यात शेवटी.

तरीही जमत नसेल तर ओळीखालचा बेस सोपा करा, पण पहिल्या बीटचा मूळ स्वर आणि किकसोबतचे स्वर सोडू नका. काढलेल्या सगळ्या करामती गायन थांबतं त्या फटीत परत आणा. ऐकणाऱ्याला वाटतं, अख्खं गाणं तसंच वाजलं. रशचा गेडी ली गाणं, बेस आणि पायांनी वाजवायची बेस पेडल्स एकाच वेळी सांभाळायचा. तिथे पोचायला वर्षं लागतात. पण रशचा एक दंडक लगेच उचलण्यासारखा आहे: साठवलेला कोणताही आवाज वाजायचा असेल तर तो तिघांपैकी कोणाच्या तरी हातानं किंवा पायानं त्या क्षणी सुरू व्हावा. मागे लॅपटॉपवर अखंड ट्रॅक चालू ठेवला की लय त्याच्या ताब्यात जाते आणि सोलो चार बार लांबवता येत नाही.

तालीम

दोन तासांची तालीम पुरे, त्याहून जास्त झाली की कान थकतात आणि सगळे अँप वर चढवू लागतात. खोलीतली मर्यादा ड्रम्स ठरवतात: ड्रमर नैसर्गिक जोरात वाजवू द्या, त्याच्या स्नेअरच्या बरोबरीला बेस आणा, मग गिटार, आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना तर सगळे खाली. इअरप्लग लावायलाच हवेत. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली जाते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. बंद खोलीतला ड्रम सेट तेवढा आरामात गाठतो.

नवं गाणं असेल तर आधी फक्त बेस आणि ड्रम्स, १५ मिनिटं, गिटार खाली ठेवून. किक आणि बेस एकत्र पडत नसतील तर वर काहीही रचलं तरी ते डुगडुगणार. शेवटची ३० मिनिटं सेट सलग, न थांबता, चुका झाल्या तरी. फोनवर रेकॉर्ड करा: अँपपासून दोन-तीन मीटर लांब, कानाच्या उंचीवर, भिंतीच्या कोपऱ्यात नाही. कोपऱ्यात बास फुगतो आणि तुम्ही चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसता. ऐकताना आधी लय तपासा. जोशात चार-सहा बीपीएम वेग वाढणं नेहमीचं. ड्रमरनं काउंट देण्याआधी मेट्रोनोमचा दिवा पाहावा, मग तो बंद करावा.

सेट

४५ मिनिटांत दहा गाणी बसतात, त्यांत पाचेक मिनिटं बोलणं आणि ट्यूनिंग. पहिली दोन गाणी जोडून, मध्ये शब्दही नको. गायकाचं सगळ्यात वरच्या पट्टीतलं गाणं पहिल्या तीनांत नको आणि अशी दोन गाणी लागोपाठही नकोत. एका ट्यूनिंगची गाणी एकत्र ठेवा. दर गाण्याला गिटार बदलणारं त्रिकूट श्रोत्यांना ट्यूनरचा शांत दिवा दाखवत राहतं. बदलायचीच असेल तर ते ३० सेकंद बेस आणि ड्रम्सना द्या.

तार तुटली तर काय, हेही आधी ठरवा. तिघांत कोणाच्या आड लपता येत नाही. दुसरी गिटार ट्यून करून स्टँडवर. तार तुटताच गिटारवाला मूठ वर करतो, बेस-ड्रम्स त्याच कॉर्डवर आठ-आठ बारांची चक्रं धरतात, तो परत आल्यावर मान हलवतो. तालमीत हे दोनदा मुद्दाम करून पाहा. ड्रमरजवळ स्नेअरचं सुटं कातडं, किकचा जादा बीटर आणि ड्रम की असावी.

स्वतःची गाणी आणि कव्हर मिसळायची तर स्वतःचं गाणं ओळखीच्या कव्हरच्या लगेच मागे ठेवा, टाळ्या विरायच्या आत. आणि कव्हर फक्त स्टेजवर वाजवायचं की रेकॉर्ड करून विकायचं, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. बहुतेक देशांत स्टेजवरच्या वादनाचं परवानगीशुल्क जागेचा चालक किंवा आयोजक भरतो. रेकॉर्डिंगला वेगळी परवानगी लागते, व्हिडिओला आणखी वेगळी, आणि बोल बदलायचे किंवा भाषांतर करायचं असेल तर हक्कधारकाची थेट.

स्टेज

जागेला आधी चॅनेल यादी पाठवा. त्रिकुटाला दहा-अकरा पुरतात: किक, स्नेअर, दोन टॉम, दोन ओव्हरहेड, बेसचा डीआय (माइकशिवाय सिग्नल थेट डेस्कला देणारा डबा), गिटारचा माइक, दोन किंवा तीन गायनाचे. यादीत कोण गातं आणि कोण कुठे उभं राहतं हे लिहा, विशेषतः ड्रमर गात असेल तर.

रचना त्रिकोणात आणि जवळ. मोठं स्टेज मिळालं म्हणून पसरू नका. एकमेकांचे हात दिसले पाहिजेत. बेसचा अँप ड्रमरच्या हाय-हॅटच्या बाजूला. गिटारचा अँप खुर्चीवर किंवा तिरका, तोंड कानाकडे. तो जमिनीवर गुडघ्यांकडे बघत असला तर वाजवणारा ट्रेबल वाढवत जातो आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान किटतात. गिटारचा माइक जाळीपासून २ ते ५ सेंटिमीटर, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला. मध्यावर तो टोचतो, कडेला मंद होतो.

मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारू लागला तर माइकचा प्रकार बघा. कार्डिऑइड माइकला सगळ्यात कमी ऐकू येतं ते थेट मागून, म्हणून मॉनिटर समोर मध्यभागी. सुपरकार्डिऑइडला मागून थोडं ऐकू येतं आणि बहिरे कोन साधारण १२५ अंशांवर असतात; त्याला मॉनिटर तिरका, बाजूला. माइकची जाळी मुठीत धरली की दिशाच संपते आणि शिट्टी हमखास. बेसच्या डीआयमधून घूं असा आवाज आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर ऐकू नका. गाणाऱ्याचे ओठ माइकला लागतात आणि हात तारांवर असतात. त्यातून जीव जाऊ शकतो.

चाहत्यांचा गोतावळा

नेहमी येणारी माणसं येतात ती आज काय वेगळं वाजेल म्हणून. तोच सेट त्याच क्रमानं पाच वेळा वाजवला की सहाव्यांदा कोणी का यावं? तीस गाण्यांचा साठा तयार ठेवा, एका रात्री त्यांतली दहा-बारा. तीन-चार गाणी कायमची, दोन गेल्या वेळी न वाजलेली, एक फर्माइशीची. फर्माइशीचं गाणं तयार नसेल तर तसं सांगा आणि पुढच्या वेळी ते वाजवा. ‘तेव्हा म्हटलं होतं’ हे ज्याला आठवतं, तो पुढच्या वेळी चार माणसं घेऊन येतो. जुनं गाणं मागणाऱ्याची स्टेजवरून थट्टा मात्र कधीही नको.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हाकलू नका, नियम द्या. ग्रेटफुल डेडनं १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवली. ते त्रिकूट नव्हतं, पण पद्धत कोणालाही चालते. नियम तीनच पुरेत: देवाणघेवाण फुकट, विक्री नाही, आणि बँडनं एखादं नवं गाणं रोखून ठेवायला सांगितलं तर ते बाहेर जाणार नाही. कव्हरच्या रेकॉर्डिंगवर मूळ गीतकाराचाही हक्क असतो, हेही त्यांच्या कानावर घाला.

रेकॉर्डिंग चांगलं यावं म्हणून त्यांना साउंड डेस्कजवळ जागा द्या, तिथला समतोल सगळ्यात खरा. स्टँड डोक्यांच्या वर, अडीच-तीन मीटर. दोन कार्डिऑइड माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांत बाहेर वळलेले. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पातळीचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास, कारण साउंड चेकपेक्षा कार्यक्रम नेहमी मोठा होतो. वाटायची फाइल फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवणारी. एमपी३ची पुन्हा एमपी३ करत गेलं की दर खेपेला झांजा आणखी फिसफिसतात, आणि पाचव्या हातात पोचलेलं रेकॉर्डिंग ऐकून नवा माणूस बँडलाच नावं ठेवतो.

चाहत्यांच्या गटाचा कारभार चाहत्यांकडेच राहू द्या. बँडनं तिथे तारखा, बदल आणि चुकांची दुरुस्ती एवढंच टाकावं. तिघांपैकी कोणी रात्री तिथे वाद घालत बसला की गट ओस पडतो. कोणाचं खासगी आयुष्य, घरचा पत्ता, कुटुंबाचे फोटो या बाबतीत पहिल्याच दिवशी रेघ ओढा. नंतर ओढली की ती कोणा एकावरचा राग वाटते.

आणि नोंदवही ठेवा. तारीख, जागा, वाजलेल्या क्रमानं गाणी, पाहुणा कोण होता, कोणतं गाणं पहिल्यांदा वाजलं. स्टेजवर चिकटवलेल्या कागदाचा फोटो काढून तोच नोंदीला लावण्याची चूक सगळे करतात. त्यावर ठरलेला क्रम असतो, वाजलेला नाही. तार तुटली म्हणून पुढे ढकललेलं गाणं, वेळ संपली म्हणून गळलेलं गाणं त्यावर दिसत नाही. कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळायच्या आधी ड्रमरनं पेनानं त्याच कागदावर खुणा कराव्यात. वाजवताना कागद त्याच्या समोरच असतो, आणि कोणतं गाणं कोणत्या काउंटनं सुरू झालं हे त्यालाच पक्कं आठवतं.